पेटी एक, पत्ते अनेक

एका माणसाला पत्ता एकच असला पाहिजे, असा एक सिद्धांत अलीकडे आपल्या कचेऱ्यांतून, शाळा-महाविद्यालयांतून आणि दुकानांच्या गल्ल्यांवरून मोठ्या ठामपणे सांगितला जातो. पत्ता म्हणजे राहत्या घराचा नव्हे, ई-मेलचा. नोकरीवर रुजू होणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक पत्ता नेमून दिला जातो आणि नोकरी असेपर्यंत त्याने तोच वागवावा अशी अपेक्षा असते. एखाद्याने दुसरा मागितलाच, तर 'तुम्हाला दोन पत्ते कशाला हवेत?' असा प्रश्न येतो. आणि या प्रश्नाचा सूर 'तुम्हाला दोन रेशनकार्डे कशाला हवीत?' या प्रश्नाच्या सुराहून फारसा निराळा नसतो. त्यातूनही कोणी नेट धरलाच, तर शेवटचे ठेवणीतले उत्तर मिळते : 'आमच्या सर्व्हरमध्ये तशी सोय नाही.'

हा सिद्धांत चुकीचा आहे आणि ते ठेवणीतले उत्तर बहुतेक ठिकाणी खरे नाही, एवढेच मला येथे सांगायचे आहे. चकली-चिवड्याबरोबर वाचण्याजोगा हा विषय नव्हे, असे काहींना वाटेल. परंतु बँकेचे कागद, मुलांच्या शाळेची पत्रे, विम्याच्या हप्त्याची आठवण, परदेशी गेलेल्या लेकीचा निरोप हे सारे आज ज्या एका अरुंद दारातून घरात येते, त्या दाराची व्यवस्था कशी असावी हा प्रश्न सर्वस्वी तंत्रज्ञांवर सोडून देण्याइतका आता परका राहिलेला नाही.

प्रथम आपल्याच परंपरेकडे पाहू. राम गणेश गडकरी नाटके लिहीत ती स्वतःच्या नावाने, कविता करीत ती 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोद लिहीत तो 'बाळकराम' या नावाने. माणूस एक, नावे तीन. अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहिली ती 'केशवकुमार' होऊन. यात त्यांनी वाचकांची फसवणूक केली असे आजवर कोणा शहाण्याने म्हटलेले नाही. नाव बदलले की कोणत्या मनाने पुस्तक हाती घ्यायचे हे वाचकाला कळे, एवढेच. लेखकांचे राहू द्या. कोणत्याही मराठी घरात डोकावून पाहा. कागदोपत्री जो पुरुषोत्तम, तो आईचा बाळ असतो, पुतण्यांचा अण्णाकाका असतो, कचेरीत साहेब असतो आणि आळीत पुरू असतो. हाकेवरूनच हाक मारणारा कोण आणि काम काय, हे त्याला पाठ फिरवून उभा असतानाही समजते. घरातल्या कोणीही त्याला 'तू आता एकच नाव ठेव, आमचा गोंधळ होतो' असे सांगितलेले नाही.

टपालाच्या बाबतीतही तेच. मुंबईच्या गिरणीत कामाला आलेला कोकणातला माणूस गावाकडे पत्ता देई तो 'मार्फत' म्हणून. कधी मुकादमाच्या मार्फत, कधी खाणावळवालीच्या मार्फत. व्यापाऱ्याचा एक पत्ता घराचा, दुसरा पेढीचा आणि तिसरा टपाल कचेरीतल्या पेटीच्या क्रमांकाचा असे. पोस्टखात्याने यावर कधी आक्षेप घेतला नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. ही योजना ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर सरकारी अधिकारी होते, तसेच संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते आणि चुकीचे लेखन यांमुळे पत्रे भरकटत, त्यावर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. त्या सहा आकड्यांचे काम काय? पत्र कोठे न्यायचे ते सांगणे. माणूस कोण, त्याला नावे किती, याची चौकशी पिनकोड करीत नाही. पत्त्याने पोचवावे, माणूस मोजू नये. हा साधा विवेक पोस्टखात्याला होता आणि तोच आज आपण गमावून बसलो आहोत.

आता ज्या यंत्राच्या नावाने आपल्याला नकार मिळतो, त्या यंत्राकडे वळू. १९७१ साली अमेरिकेत आर्पानेट या जाळ्यावर काम करताना रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला पत्र धाडण्याची युक्ती काढली आणि वापरकर्त्याचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ते सुप्रसिद्ध 'ॲट' चिन्ह घातले. त्या काळी चिन्हाच्या डावीकडचे नाव म्हणजे त्या संगणकावर खरोखरच खाते असलेला वापरकर्ता असे. पत्ता, खाते आणि पेटी ही तिन्ही एकच. 'एक माणूस, एक पत्ता' ही समजूत तेथून निघाली असेल, तर ती त्या काळापुरती क्षम्य होती. परंतु पुढे बर्कलेच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी 'सेंडमेल' हा टपाल पोचवणारा प्रोग्राम तयार केला. त्याच्याजवळ 'एलियसेस' नावाची एक साधी यादी असे : प्रथम टोपणनाव, मग दोन टिंबे, मग खऱ्या वापरकर्त्याचे नाव. टोपणनावाने आलेले पत्र खऱ्या वापरकर्त्याच्या पेटीत पडे. म्हणजे पत्ता आणि पेटी यांची गाठ सुटली, त्याला चाळीसहून अधिक वर्षे झाली. आमच्याकडचे 'सोय नाही' हे उत्तर मात्र अजून ताजे आहे!

हे घडते कसे, ते समजायला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. पत्र घेऊन येणारा सर्व्हर दारात उभा राहून प्रथम लिफाफ्यावरचा पत्ता सांगतो. पत्र घेणारा सर्व्हर तो पत्ता आपल्या तक्त्यात शोधतो. तक्त्याला रकाने दोन : डावीकडे पत्ता, उजवीकडे पेटी. डाव्या रकान्यात दहा निरनिराळे पत्ते असले आणि उजव्या रकान्यात त्या दहाही ओळींपुढे एकच पेटी असली, तरी यंत्राची काडीइतकी हरकत नसते. वित्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन विभागात असताना लिहिलेला 'पोस्टफिक्स' हा प्रोग्राम १९९८ साली सर्वांसाठी खुला झाला. त्यातही अशा तक्त्याची व्यवस्था आहे. व्यवस्थापकाने त्यात एक ओळ लिहायची, तक्ता पुन्हा बांधण्याचा हुकूम द्यायचा आणि बाहेरून एक पत्र टाकून ते योग्य पेटीत पडते की नाही ते पाहायचे. जाणत्या माणसाला हे काम चहाचा कप थंड होण्याआधी उरकता येते.

येथे एक घोटाळा होतो, तो प्रथम दूर केला पाहिजे. दुसरा पत्ता म्हणजे दुसरे खाते नव्हे. दुसरे खाते काढले की दुसरा पासवर्ड आला, जागेचा दुसरा हिशेब आला, मोबाइलमध्ये दुसरी पेटी आली आणि ती रोज उघडून पाहण्याची कटकट आली. टोपणपत्त्याला यातले काहीच लागत नाही. खाते एक, पासवर्ड एक, पेटी एक. दारावरच्या पाट्या मात्र चार. ज्यांनी पत्ते मागितले त्यांना खाती देणारे व्यवस्थापक मी म्हणते ती अडचण स्वतःच निर्माण करतात आणि मग 'पाहा, किती गोंधळ होतो' असे म्हणून तिचाच पुरावा देतात. यात थोडा व्यापारही आहे. मेलची सेवा विकणाऱ्या बहुतेक कंपन्या खात्यामागे भाडे घेतात. टोपणपत्त्यामागे घेत नाहीत. गूगलच्या कचेऱ्यांसाठीच्या सेवेत एका वापरकर्त्याला तीसपर्यंत टोपणपत्ते वेगळे पैसे न भरता देता येतात. तरीही संस्थेच्या प्रत्येक कामासाठी नवे खाते विकत घेऊन वर्षानुवर्षे भाडे भरणाऱ्या संस्था थोड्या नाहीत. हे भाडे शेवटी सभासदांच्या वर्गणीतूनच जाते.

आणखी एक गंमत पाहा. १९८२ साली ई-मेलचे जे प्रमाणनियम प्रसिद्ध झाले, त्यांत प्रत्येक ठिकाणी 'पोस्टमास्टर' या नावाचा पत्ता असलाच पाहिजे, असे घालून दिले आहे. कोणाचेही नाव ठाऊक नसले, तरी त्या पत्त्यावर लिहिले म्हणजे व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला ते पोचावे, हा हेतू. १९९७ साली डेव्ह क्रॉकर यांनी सिद्ध केलेल्या पुढच्या नियमावलीत चौकशी, विक्री, तक्रार, सुरक्षा अशा कामांसाठीही ठरावीक पत्ते सुचवले गेले. हे पत्ते कामांचे आहेत. त्यांच्यामागे बसलेला माणूस बहुधा स्वतःच्या नावाचा पत्ताही वापरत असतो. म्हणजे 'दोन पत्ते कशाला हवेत?' असे आपल्याला विचारणारा जो व्यवस्थापक, त्याला स्वतःला नियमानेच दोन पत्ते असतात! शेजाऱ्याला एक दार पुरे म्हणणाऱ्याने स्वतःचे परसदार आधी बुजवून दाखवावे.

यंत्राची हरकत नाही, खर्च नाही, नियमांचा पाठिंबा आहे. मग प्रश्न उरतो तो गरजेचा. गरज कोणाला आहे? या प्रश्नाचे उत्तर देताना मी व्यापाऱ्यांपासून आरंभ करणार नाही. आरंभ करते तो घरातल्या सुनेपासून.

आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते आणि काही घरांत तांदळाच्या ताटात नवे नाव लिहून पहिले नावही बदलते. तिची पदवी, तिचे पहिले नोकरीचे अर्ज, तिचे शोधनिबंध, तिच्या मैत्रिणी आणि शिक्षक हे सारे जुन्या नावाच्या पत्त्याशी बांधलेले असतात. कचेरीत तिने नव्या नावाची नोंद केली की व्यवस्थापक नवा पत्ता देतात आणि जुना बंद करून टाकतात. त्यानंतर जुन्या पत्त्यावर आलेले प्रत्येक पत्र 'अशी व्यक्ती येथे नाही' असा शेरा घेऊन परत जाते. दहा वर्षांच्या कामाची ओळख एका सकाळी पुसली जाते, आणि ती कोणी दुष्टपणाने पुसलेली नसते. तक्त्यातली एक ओळ ठेवण्याचा आळस केलेला असतो. ज्या स्त्रिया हे टाळण्यासाठी जुनेच नाव चालवतात, त्यांना उलट बाजूने त्रास होतो. सासरच्या नावाने लिहिणाऱ्यांची पत्रे त्यांना मिळत नाहीत. दोन्ही नावांचे पत्ते एकाच पेटीत उतरवले, तर यातले काहीच होत नाही. कोणत्या नावाने जगायचे हा त्या स्त्रीचा प्रश्न आहे. तिने एक नाव घेतले, दुसरे घेतले, दोन्ही ठेवली किंवा पुढे आयुष्यात काही वेगळे घडल्यामुळे पुन्हा पहिल्याकडे वळली, तरी तिचे पत्र तिला पोचावे. सर्व्हरने या बाबतीत सासूची भूमिका घेण्याचे कारण नाही.

दुसरी गरज लिपीची. ई-मेलचा पत्ता बहुधा रोमन लिपीत असतो आणि आपली नावे त्या लिपीत कधीच सुखाने बसलेली नाहीत. 'श्रीकांत' लिहिताना कोणी एक आय घालतो, कोणी दोन ई घालतो, कोणी एचच गाळतो. 'वैद्य' कोणी व्हीने लिहितो, कोणी डब्ल्यूने. फोनवर पत्ता सांगताना अक्षरागणिक 'व्ही फॉर विनायक' असा जप करावा लागतो आणि एवढे करूनही पत्र चुकतेच. संभाव्य दोन-तीन स्पेलिंगे त्याच पेटीला जोडून ठेवली, तर हा छळ संपतो. अर्थात त्या स्पेलिंगाचा दुसरा कोणी सहकारी तेथे नसला तर. याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे आता पत्ता देवनागरीतही असू शकतो. इतर लिप्यांतल्या पत्त्यांचे प्रमाणनियम २०१२ साली ठरले आणि देवनागरीतले 'डॉट भारत' हे डोमेन २०१४ साली खुले झाले. परंतु देवनागरी पत्ता न कळणारे सर्व्हर आणि तो नाकारणारे अर्ज अजून ठायी ठायी आहेत. अशा वेळी मराठी माणसाने आपल्या लिपीचा पत्ता सोडून द्यावा काय? मुळीच नाही. एक पत्ता देवनागरीत, दुसरा रोमनमध्ये आणि पेटी एक, असे केले म्हणजे स्वाभिमानही राहतो आणि पत्रही पोचते. 'एकच पत्ता' या हट्टात पहिला बळी जातो तो आपल्या लिपीचा.

तिसरी गरज आपल्या लहानमोठ्या संस्थांची. गृहनिर्माण संस्था, गणेशोत्सव मंडळ, वाचनालय, महिला मंडळ, गावातली पतपेढी, यांपैकी कितीतरी ठिकाणी संस्थेचा पत्ता म्हणून चिटणिसाचा खासगी पत्ता दिलेला आढळतो. महापालिकेच्या नोटिसा, हिशेबतपासनिसाची पत्रे, सभासदांच्या तक्रारी, सारे त्याच्या मुलाच्या परीक्षेच्या निकालाशेजारी येऊन पडते. निवडणूक होते, चिटणीस बदलतो, कधी रुसतो, कधी परगावी जातो, कधी बिचारा मरण पावतो. आणि संस्थेचा सारा पत्रव्यवहार त्याच्याबरोबर जातो. नव्या चिटणिसाने मग कोणाच्या दारी जायचे? संस्थेचे स्वतःचे डोमेन असेल आणि 'चिटणीस' हा पत्ता केवळ टोपणपत्ता असेल, तर निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी उजव्या रकान्यातले एक नाव बदलायचे, की यापुढचे सारे टपाल नव्या माणसाकडे वाहू लागते. जेथे जुनी पत्रेही हाती राहायला हवीत, तेथे त्या कामापुरती सामाईक पेटी ठेवावी. परंतु निदान पत्ता तरी व्यक्तीच्या ताब्यातून सोडवा. माणसे येतील-जातील, पद राहील, हे आपण घटनेत लिहितो आणि पत्त्यात विसरतो.

चौथी गरज प्रत्येक घराची आहे. साडीच्या दुकानात, चित्रपटगृहात, औषधांच्या दुकानात, जेथे जावे तेथे पत्ता मागतात. मागणाऱ्यांपैकी किती जण तो स्वतःपाशी ठेवतात, देव जाणे. न मागितलेल्या जाहिरातीचा रोग नवा नाही. ३ मे १९७८ रोजी गॅरी थ्यूर्क या अमेरिकन विक्री अधिकाऱ्याने आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना आपल्या संगणकांची जाहिरात एकदम धाडली. त्यावर तेव्हाही ओरड झाली होती. आज त्या एका पत्राचा वंशविस्तार आपल्या पेटीत रोज मावेनासा झाला आहे. एकच पत्ता सर्वत्र दिला, तर तो फुटला कोठून हे कळत नाही आणि कळले तरी बंद करता येत नाही. कारण बँक, विमा आणि शाळा त्याच पत्त्यावर असतात. दुकानांना एक टोपणपत्ता, बँकेला दुसरा, आप्तेष्टांना तिसरा असे दिले, तर ज्या दाराने कचरा येतो ते दार कळते आणि तेवढेच लावून घेता येते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी आपल्या संसदेने २०२३ साली कायदा केला. कायदा असणे चांगलेच. पण आपली माहिती कोणाच्या हातून निसटली हे दाखवायला काही खूण हाती नको काय? वेगळा पत्ता ही ती खूण होऊ शकते.

या बाबतीत एक अर्धवट उपाय प्रचलित आहे, त्याविषयीही बोलले पाहिजे. अनेक सेवांत आपल्या नावापुढे अधिकचे चिन्ह घालून मग एखादा शब्द लिहिला, तरी पत्र आपल्याच पेटीत येते. २००४ साली सुरू झालेल्या जीमेललाही ही रीत मान्य आहे. उपाय बरा आहे, पण त्यात मूळ पत्ता उघडाच राहतो. लबाड माणूस अधिकच्या चिन्हापासूनचा भाग खोडतो आणि खरा पत्ता त्याच्या हाती लागतो. त्याहून चीड येते ती अर्ज बनवणाऱ्यांची. अधिकचे चिन्ह पत्त्यात चालते असे प्रमाणनियम सांगतात. २००४ साली जॉन क्लेन्सिन यांनी नेमके हेच उदाहरण देऊन ते पुन्हा स्पष्ट केले. तरीही आपल्याकडचे कितीतरी अर्ज तसा पत्ता भरला की लाल अक्षरांत 'अवैध पत्ता' म्हणून ओरडतात. ज्याला नियम ठाऊक नाहीत त्याने दुसऱ्याला अवैध ठरवावे, हा न्याय विलक्षण आहे!

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आणि मोठ्या आवाजात सांगितला जाणारा आक्षेप असा, की अनेक पत्ते म्हणजे लबाडीला मोकळे रान. हा आक्षेप घेणाऱ्यांनी लबाडांचा व्यवसाय नीट पाहिलेला दिसत नाही. ज्याला फसवायचे आहे तो एका खात्याला चार पत्ते मागत बसत नाही. तो निरनिराळ्या ठिकाणी खोट्या नावांची वेगवेगळी खाती काढतो. टोपणपत्ते तर सारे एकाच खात्यात उतरतात आणि कोणता पत्ता कोणाचा, हे सर्व्हरच्या तक्त्यात लिहिलेले असते. कायदेशीर चौकशी झाली, तर व्यवस्थापक एका ओळीत उत्तर देऊ शकतो. दुकानदाराला जे कळू नये ते व्यवस्थापकाला कळते. यात लपवाछपवी नाही, मर्यादा आहे. आपण घरचा जमाखर्च शेजाऱ्याला दाखवत नाही, म्हणून आपण चोर ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जाणकारांचा आहे आणि त्यात तथ्य आहे. पत्र येते टोपणपत्त्यावर, पण उत्तर जाते मूळ पत्त्यावरून. मग गुपित कसले राहिले? खरे आहे. म्हणून नुसते पत्र घेण्याची सोय करून थांबता कामा नये. उत्तर त्याच पत्त्यावरून जाईल अशी तजवीज मेल वाचण्याच्या प्रोग्राममध्ये करावी लागते आणि सर्व्हरनेही त्या खात्याला त्या पत्त्यावरून पाठवण्याची मुभा द्यावी लागते. कोणत्या खात्याला कोणत्या पत्त्यांवरून पाठवता येईल, याचाही तक्ता पोस्टफिक्समध्ये ठेवता येतो. तो ठेवला म्हणजे कारकुनाला संचालकांच्या नावाने पत्र पाठवता येत नाही. अर्धे काम करून ते फसले असे म्हणणे हा कामाचा दोष नव्हे.

तिसरा आक्षेप : मग डोमेनवर येणारे कोणतेही नाव एकाच पेटीत का घेऊ नये? तशी सोय असते, पण मी तिच्या बाजूची नाही. जाहिरातबाज लोक नावांच्या याद्या घेऊन प्रत्येक नावावर पत्र मारून पाहतात; सरसकट सारे स्वीकारणारी पेटी म्हणजे रस्त्यावर उघडलेली कचराकुंडी. आपण विचारपूर्वक लावलेली चार दारे आणि भिंतच नसलेले घर यांत अंतर आहे.

चौथा आक्षेप वडीलधाऱ्यांच्या नावाने घेतला जातो : 'आजोबांना हे सारे लक्षात कसे राहणार?' आजोबांना लक्षात ठेवायचे आहे काय? पासवर्ड एकच आहे, पेटी एकच आहे. उलट घरातल्या कोणीतरी 'पेन्शन' आणि 'बँक' असे दोन पत्ते त्यांच्या पेटीला जोडून दिले, तर जे पत्र दुकानांच्या पत्त्यावर आले आणि बँकेचे म्हणवते आहे ते खोटे, ही खूण आजोबांना तत्काळ पटेल. फसव्या पत्रांनी म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटली जात असताना ही साधी खूण त्यांना नाकारणे, याला सोपेपणा म्हणत नाहीत.

तेव्हा माझी मागणी थोडकी आहे. प्रत्येक कचेरीने, विद्यापीठाने आणि संस्थेने आपल्या माणसाला मागेल ते दोन-चार टोपणपत्ते द्यावेत, नाव बदलले तरी जुना पत्ता चालू ठेवावा आणि पदांचे पत्ते पदांनाच द्यावेत. अर्ज बनवणाऱ्यांनी प्रमाणनियमांना मान्य असलेला प्रत्येक पत्ता मान्य करावा, मग त्यात अधिकचे चिन्ह असो वा देवनागरी अक्षर. आणि पत्त्यावरून माणूस मोजण्याचा नाद सर्वांनीच सोडावा. माणूस ओळखायला दुसरी साधने आहेत.

वाचकांनीही थोडे काम करायचे आहे. पाडव्याला नव्या वहीचे पूजन कराल, तेव्हा तिच्या दुसऱ्या पानावर दोन रकाने आखा : डावीकडे पत्ता, उजवीकडे तो कोणाला दिला. मग आपल्या व्यवस्थापकाकडे जाऊन दुसरा पत्ता मागा. 'तशी सोय नाही' असे त्याने म्हटले, तर त्याला नम्रपणे विचारा, की साहेब, मग 'पोस्टमास्टर' या पत्त्यावरचे टपाल कोणाच्या पेटीत पडते?